जहाज कललं, मी ओरडलो, साडूने व्हिडिओ काढला

काका नमस्कार. नाव छापू नका, खाली जे लिहिलंय तेच छापा. मी 39 वर्षांचा, ठाण्यात राहतो, बँकेत आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं आणि बायकोच्या बहिणीची फॅमिली मिळून मुंबई-गोवा क्रूझवर गेलो होतो. पहिल्याच रात्री जेवताना जहाज अचानक एका बाजूला गेलं, ताटं घसरली, दोन ग्लास पडून फुटले, मला वाटलं 45 अंशांत तरी गेलं असेल. मी "बुडतंय, बाहेर चला" असं जोरात ओरडलो, मुलीला (वय 9) उचललं आणि जिन्याने वर पळालो, पळताना एका आजींना माझा धक्का लागला. डेकवरच्या पेटीतून लाइफ जॅकेट काढून मुलीला घातलं, मीपण घातलं. पाच मिनिटांत सगळं नॉर्मल. कॅप्टन स्पीकरवर म्हणाला दिशा बदलली, वारा होता, काळजी नसावी. पण साडूने सगळं शूट केलं होतं आणि आता फॅमिली ग्रुपवर माझा स्टिकर झालाय, कोणी गुड मॉर्निंग टाकलं तरी खाली मी नारिंगी जॅकेटमध्ये. जानेवारीत हीच मंडळी अंदमानला निघालीयत, तिथे बेटांवर बोटीनेच जावं लागतं. बायको म्हणते भीती वाटत असेल तर तू राहा घरी. मुलगी विचारते बाबा तू घाबरलेलास का, मी नाही म्हणालो. तेव्हा खरंच धोका होता का? आणि मी जाऊ का नको?
– नारिंगी जॅकेटवाला, ठाणे

मित्रा, वयाने मी तुझ्या वडलांएवढा असेन म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आधी तुझ्या त्या 45 अंशांचं बघू, कारण बँकेतला माणूस असून तू आकडा फारच सढळ हाताने लावलायस. जहाज 45 अंशांत गेलं असतं ना, तर तू जिन्याने वर पळालाच नसतास, तेव्हा जिना हा जिना राहत नाही, माणूस जमिनीवर जेवढा उभा असतो तेवढाच भिंतीवर उभा असतो. आणि मग दोन ग्लासांवर भागलं नसतं, अख्खा बुफे, खुर्च्या, चहाचं मशीन आणि तुमचे साडूसाहेब मोबाइलसकट समोरच्या काचेवर जाऊन आदळले असते. ताटं सरकली, बाकीचे ग्लास जागेवर राहिले, लोक उभे राहू शकले, तू नऊ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन पळू शकलास, यावरून माझा अंदाज फार तर आठ-दहा अंश. हसू नकोस, तुझी चूक नाही त्यात. बंद हॉलमध्ये क्षितिज दिसत नाही, डोळे सांगतात सगळं सरळ आहे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो पडलास पडलास, त्या दोघांच्या भांडणात आकडा हमखास फुगतो. मी 26 वर्षं जहाजांवर इंजिनवाला म्हणून काढली, माझाही फुगायचा. म्हणून तर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आणि खाली इंजिन कंट्रोल रूममध्ये भिंतीवर कोन दाखवणारं एक साधं काट्याचं यंत्र असतं, मनात तीस आले की मी त्याच्याकडे बघायचो, ते बारा दाखवत असायचं.

आता कललं कशामुळे. मी तिथे नव्हतो, पण कॅप्टन जे बोलला ते पटण्यासारखं आहे. एसटी घाटात वळली की आपण बाहेरच्या अंगाला कलंडतो ना, मोठं जहाज वेगात वळलं की अख्खंच्या अख्खं तसं बाहेरच्या बाजूला झुकतं. त्यात क्रूझचं जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी दहा-बारा मजली सोसायटी, बाजूने वारा लागला की त्या सगळ्या खिडक्या-बाल्कन्यांचं शीड होतं. बघणाऱ्याला वाटतं एवढा उंच डोलारा पडत कसा नाही, तर वरचे मजले त्यामानाने हलके असतात आणि जड माल सगळा तळात, इंजिनं, इंधन, बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या, टाक्यांतलं पाणी. जहाज ज्या बाजूला कलतं त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी तिकडून वर रेटतं आणि जहाज पुन्हा सरळ होतं. रिकामी कळशी हौदात आडवी दाबून बघ, हाताला तो रेटा कळेल. आणि नियमच असा आहे की सगळे पॅसेंजर एकाच बाजूला कठड्याशी गर्दी करून उभे राहिले तरी जहाज 10 अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये, वळतानाही तेवढंच. त्या हिशोबात एक पॅसेंजर 75 किलोचा धरतात, आपल्याकडे लग्नाच्या सीझननंतर तो आकडा जरा वाढवून घ्यायला हवा, पण असो.

म्हणजे बुडण्याचा धोका नव्हता. पण "धोकाच नव्हता, तू उगाच घाबरलास" असं जर साडू म्हणत असतील तर तेही साफ चूक. 18 जुलै 2006 ला अमेरिकेत फ्लोरिडाच्या पोर्ट कॅनाव्हरलहून क्राउन प्रिन्सेस नावाचं नवंकोरं क्रूझ जहाज न्यूयॉर्कला निघालं, हवा छान, समुद्र शांत. ऑटोपायलटने दिशा जरा जास्त बदलली म्हणून ब्रिजवरच्या ऑफिसरने सुकाणू हातात घेतलं आणि गडबडीत ते उलटसुलट फिरवलं, जहाज 24 अंश कललं. बुडालं नाही, एकही माणूस गेला नाही, थोड्या वेळाने सरळ होऊन परत बंदराला लागलं. पण जखमी किती झाले माहितीये? 298. त्यातले 14 गंभीर. हे सगळे लोक फर्निचरवर आपटून, काचांवर पडून, एकमेकांच्या अंगावर कोसळून जखमी झाले, पूलमधलं पाणी लोकांसकट बाहेर आलं. म्हणून जहाज कललं की पहिल्या दहा सेकंदांत करायची गोष्ट एकच, खाली बस आणि जमिनीला ठोकून बसवलेलं काहीतरी घट्ट धर. खांब, कठडा, स्क्रूने बसवलेलं टेबल, काहीही. खुर्ची धरू नकोस, ती तुझ्याच बरोबर येते. आणि जिना तर अजिबात नाही, त्या दहा सेकंदांत जिन्यावर असलेला माणूस सगळ्यात आधी हात मोडून घेतो. तू तिथेच चुकलास, आणि कडेवर पोरगी होती. आजींचं फक्त धक्क्यावर निभावलं हे नशीब समज.

आता माझी गोष्ट सांगतो म्हणजे तुला स्टिकरचं दुःख जरा कमी वाटेल. 1983 साल, मी बावीस वर्षांचा, पहिलीच नोकरी, मार्मागोव्याहून लोहखनिज भरून जपानला चाललेलं जहाज. खनिज म्हणजे इतकं जड की गोदाम अर्धंही भरत नाही तोच जहाजाची क्षमता संपते, सगळं वजन तळात, आणि अशा जहाजाला आमच्यात कडक जहाज म्हणतात, ते कललं की झटका मारून परत येतं, इतक्या जोरात की बंकवरचा माणूस फेकला जावा. दक्षिण चीन समुद्रात वादळ लागलं, तीन दिवस तेच. मी पहिल्या रात्री लाइफ जॅकेट घालून, बूट घालून, पासपोर्ट खिशात घेऊन केबिनच्या कोपऱ्यात जमिनीवर बसलो होतो आणि चक्क रडत होतो. रत्नागिरीकडचे एक म्हातारे सारंग होते, डेकवरच्या खलाशांचे मुकादम समज, ते दार ठोठवायला आले, माझा अवतार बघितला, हसले नाहीत. आत आले, अंगातलं जॅकेट काढायला लावलं आणि ते माझ्या गादीच्या बाहेरच्या कडेखाली कोंबलं, त्याने गादी भिंतीकडे कलती झाली आणि भिंत आणि गादीच्या मधे माणूस बरोबर अडकून झोपू शकेल अशी खोबण तयार झाली. म्हणाले, "साब, कितना झुका वो मत गिनो, वापस आता है के नहीं वो गिनो." दुसऱ्या दिवशी मेसमध्ये बघतो तर टेबलांवरचे कपडे भिजवून पसरलेले, ओल्या कपड्यावर ताट घसरत नाही, टेबलाला कडेने लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या, आणि कुकने डाळ अर्धंच पातेलं केलेली. सगळ्या जुन्या माणसांना भीती वाटत होती रे, फक्त त्या भीतीचं काय करायचं ते त्यांना पाठ होतं.

ते "वापस आता है के नहीं" मात्र नीट समजून घे, जहाजावर बाकी काही कळलं नाही तरी एवढं कळलं पाहिजे. केबिनमध्ये शिरलास की दारामागच्या हुकाला टॉवेल लटकव, किंवा कपाटात रिकामा हँगर. जहाज डोलायला लागलं की टॉवेल दारापासून सुटून बाहेर येतो, परत दाराला टेकतो, पुन्हा बाहेर येतो. जातो आणि येतो, जातो आणि येतो, याला आम्ही रोल म्हणतो, कितीही भयंकर वाटला तरी तो जहाजाचा श्वास आहे, मनात आकडे मोज, प्रत्येक झोका साधारण सारख्याच वेळात पुरा होत असेल तर कूस बदलून झोप. दुसरा प्रकार असा की टॉवेल बाहेर आला आणि बाहेरच राहिला, मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, दाराला टेकतच नाही. किंवा परत येतो पण फार सावकाश, टोकाला जाऊन तिथेच रेंगाळतो, जावं की यावं असा विचार केल्यासारखा. बाहेरच राहिला तर त्याला लिस्ट म्हणतात, म्हणजे जहाज एका अंगावर बसलं, आणि रेंगाळला तर जहाजाची सरळ होण्याची ताकद कमी झालीय. पाणी आत येतंय, माल सरकलाय किंवा टाक्यांचा हिशोब चुकलाय, काहीतरी झालंय. कधी वारा सतत एका बाजूने असला तरी दोन-तीन अंश असं राहतं, त्याला घाबरायचं नाही, पण वाढत चाललं की मग मात्र टॉवेल सोडायचा आणि उठायचं.

आणि तेव्हा घाई करायची का, तर हो, पण दिशा ठरवून. परात अर्धी पाण्याने भर आणि एका कडेने जरा उचल, सगळं पाणी दुसऱ्या कडेला पळतं आणि परात हातातून निसटायला बघते. जहाजाच्या मोकळ्या डेकवर पाणी शिरलं की हेच होतं. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुगबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ नावाची गाड्या नेणारी फेरी पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली, गाड्यांच्या डेकवर पाणी आलं आणि साधारण दीड मिनिटात बोट आडवी, 193 माणसं गेली. एवढ्या वेळात कोण काय करणार. पण बहुतेक वेळा माणसाला दीड मिनिटापेक्षा पुष्कळ जास्त वेळ मिळतो आणि तो वेळ तो भलत्याच गोष्टींत घालवतो, माझा राग त्यावर आहे.

इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज 13 जानेवारी 2012 च्या रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर घासलं, चार हजारांवर माणसं जहाजावर, लोक जेवत होते, तुमच्यासारखेच. ताटं घसरली, लाइट गेले. स्पीकरवर काय सांगितलं? विजेचा प्रॉब्लेम झालाय. जहाज सोडायचा हुकूम यायला तासाहून जास्त वेळ गेला, तोवर इतकं कललं होतं की एका बाजूच्या लाइफबोटी धड खाली सोडता येईनात. 32 जण गेले, त्यात एक आपल्या मुंबईचा पोरगा होता, जहाजावर वेटर, त्याचा मृतदेह सगळ्यात शेवटी, 2014 साली मिळाला. कॅप्टनला 16 वर्षांची शिक्षा झाली. आणखी वाईट कोरियाचं, 16 एप्रिल 2014, सेवोल फेरी. माल नको तेवढा भरलेला, तोही नीट बांधलेला नाही, बॅलास्ट कमी, एका वळणावर कलली आणि परत आलीच नाही. स्पीकरवर पुन्हा पुन्हा सांगत होते जागेवरून हलू नका, आणि शाळेच्या सहलीची पोरं शहाण्यासारखी केबिनमध्ये बसून राहिली. 304 माणसं गेली, त्यातले 250 एकाच शाळेचे विद्यार्थी. कॅप्टन मात्र पहिल्या काही लोकांत बाहेर. हे लिहिताना अजून माझा हात थांबतो, मी जहाजावर आयुष्य काढलेला माणूस आहे, आम्ही स्पीकरवर जे सांगू ते ऐका असंच मी कायम सांगत आलो आणि आजही सांगतो, पण त्याला एक पुस्ती जोडून. टॉवेल दाराला परत टेकत नसेल, कल वाढत असेल आणि कोणी सांगत असेल खोलीत बसा, तर खोलीत बसू नका. पोरांचा हात धरा, जॅकेट घ्या आणि आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, उघड्या डेकच्या बाजूला जाऊन तिथे गप उभे राहा. आधी जायचं असतं कारण नंतर जाता येत नाही. बाल्टिक समुद्रात 1994 च्या सप्टेंबरात एस्टोनिया नावाची फेरी रात्री बुडाली, 852 माणसं, वाचले फक्त 137 आणि त्यात तरुण पुरुष जास्त, कारण कल वाढल्यावर जिने आणि पॅसेज चढून जायचं म्हणजे हाताच्या ताकदीचं काम होतं, म्हातारी माणसं आणि मुलं तिथेच अडकली.

मग तू जे केलंस ते बरोबर होतं असं म्हणू का? अर्धं. लाइफ जॅकेट कुठल्या पेटीत आहेत हे तुला माहीत होतं, त्या हॉलमधल्या किती जणांना माहीत होतं विचार. लहान मुलीला आधी घातलंस, तेही ठीक (तसा विमानातल्या ऑक्सिजन मास्कचा नियम उलटा, आधी स्वतःला, पण जॅकेटचं ठीक). डेकवर गेलास, खाली केबिनमध्ये बॅग आणायला गेला नाहीस, हे तर फार मोठं, कारण माणसं बॅगेपायी अडकतात, पर्स, चार्जर, कोणाची कवळी. पण "बुडतंय" हे ओरडणं शंभर टक्के चूक. तुला बुडतंय हे माहीत नव्हतं, तुला फक्त भीती वाटत होती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दीच्या खोलीत तो एक शब्द टाकला की सगळे एकाच दाराकडे धावतात. तुझं नशीब की कोणी ऐकलं नाही, बहुतेकांनी ऐकून घेतलं नाही असं म्हणू, कारण लोक अशा प्रसंगी पळत नाहीत, बसून राहतात. सिनेमात दाखवतात तशी पळापळ कमी, गोठून बसलेली माणसं जास्त. कोणी हसतं, कोणी शेजाऱ्याकडे बघतं तो काय करतोय म्हणून, शेजारी परत याच्याकडेच बघत असतो, कोणी ताटातली पुरी संपवतं आणि हल्ली निम्मे लोक मोबाइल काढतात. 2019 च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वायकिंग स्काय जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली, वंगणाच्या टाकीत तेलाची पातळी कमी, त्यात जहाज असं डोलत होतं की पंपाला तेलाऐवजी हवा मिळायला लागली (इंजिनवाल्याला हे वाचून पोटात गोळा येतो, कारण पातळी बघायची रोजची वही आम्हीच भरतो), आणि आत सोफे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरतायत त्याचे व्हिडिओ सगळ्या जगाने बघितले. ते काढणाऱ्यांचा एक हात मोबाइलवर होता. धरायला एकच उरला.

साडूंवर माझा राग तिथेच आहे, स्टिकरवर नाही. जहाज कललं तेव्हा ते उभे होते, मोकळ्या जागेत, दोन्ही हातांत फोन, आणि त्यांची स्वतःची मुलं? व्हिडिओ तुझ्याकडे आहेच, एकदा मन घट्ट करून नीट बघ, त्यात ती पोरं कुठे दिसतात का. दिसली नाहीत तर ग्रुपवर काही लिहू नकोस, फक्त साडूंना फोन कर आणि विचार. टोमणा म्हणून नाही, खरंच विचार.

आता मोठ्या जहाजाचं झालं, पण तुझा पुढचा प्रश्न छोट्या बोटींचा आहे आणि तिथे हिशोब बदलतो. माझं आजोळ रेवसजवळचं. 17 जुलै 1947, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, गटारीच्या तोंडावर गावी निघालेली माणसं घेऊन रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. पावसाळी समुद्र, वारा, काशाच्या खडकाजवळ बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांनी गावोगाव सांगितलेली हकीकत अशी की पावसाच्या आणि लाटेच्या माऱ्यातून सुटायला लोक एका बाजूला सरकले, बोट कलली, मग त्या कलण्याला घाबरून आणखी पळाले. आमच्या अलिबाग-रेवस पट्ट्यात अशी वाडी नसेल जिथे त्या बोटीचं नाव काढल्यावर कोणी म्हातारं गप्प होत नसे. आजी पावसाळ्यात मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला पिशवीत तांदळाची भाकरी देताना तेच एक वाक्य सांगायची, मधे बस, आणि सगळे जातील तिकडे जाऊ नको. मी जहाजावर जायला निघालो तेव्हाही तेच सांगितलं, हजारो टनांच्या जहाजावर मधे कुठे बसणार, पण मी हो म्हणालो.

ते आठवतं मला दर सीझनला, मुरुडला नाहीतर तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींत. वीस माणसं, कोणीतरी ओरडतं "तो बघ, तो बघ" आणि वीसच्या वीस एका कडेला, मोबाइल पुढे करून, बोटीची कड पाण्याला लागायला आलेली आणि मागे सुकाणूवरचा पोरगा घसा फोडून सांगतोय बसा खाली. मोठ्या जहाजावर 75 किलोचा हिशोब कोणीतरी करून ठेवलेला असतो, तिथे तो हिशोब त्या पोराच्या आवाजावर चालतो. आणि लाइफ जॅकेट मळकट आहे, वास येतो, फोटो चांगला येत नाही म्हणून मांडीखाली घेऊन बसलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीयत. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 माणसं गेली, बऱ्याच जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यामुळे तुझ्या नारिंगी स्टिकरची मला तरी लाज वाटत नाही, मी असतो तर डीपीच ठेवला असता.

मुलीचं मात्र आज दुरुस्त कर. तिने विचारलं घाबरलास का आणि तू नाही म्हणालास. अरे ती तुझ्या कडेवर होती, तुझं छातीचं धडधडणं तिच्या कानाशी होतं, तिला उत्तर माहीत होतं, ती फक्त तू खरं बोलतोस का बघत होती. तिला सांग हो, खूप घाबरलो, आणि घाबरून एक गोष्ट चुकीची केली, मोठ्याने ओरडलो आणि त्या आजींना धक्का दिला. त्या आजींना परत भेटणं होणार नाही हे ठीक, पण मुलीला कळू दे की ते तुझ्या लक्षात आहे. मग तिला तो टॉवेल शिकव. घरी बाथरूमच्या दारामागे लटकव, दार हळूच हलवून दाखव. नऊ वर्षांच्या मुलांना असलं काम दिलं की ती भीती विसरून मोजत बसतात, माझ्या नातीने विरारच्या लोकलमध्ये हँडल मोजायला सुरुवात केली होती.

अंदमानला जा. जानेवारी चांगला महिना आहे, बंगालच्या उपसागरातली ऑक्टोबर-नोव्हेंबरची गडबड तोवर बरीच शमलेली असते. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम म्हणायचं) हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, जायला त्या दोन पायांच्या वेगवान बोटी असतात, कॅटमरान, आपल्या गेटवे-मांडवाच्या बोटींचीच मोठी भावंडं. त्या रुंद बसतात म्हणून क्रूझसारख्या सावकाश कलत नाहीत, बारीक बारीक धक्के देतात, रिक्षा खडीवरून जावी तसे. खालच्या मजल्यावर, मधे किंवा जरा मागे सीट घे, वरच्या मजल्यावरची पुढची सीट व्ह्यूसाठी म्हणून जास्त पैसे देऊन घेतात आणि मग तिथेच सगळ्यात जास्त हलतं. बसल्या बसल्या जॅकेट कुठे आहे ते हात लावून बघ, नुसतं नजरेने नाही, बाहेर पडायचं दार मागे आहे का बाजूला ते मुलीला विचार. मोठ्या जहाजावर पुन्हा कधी गेलास तर निघायच्या आधी जी ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळची तालीम, होते ती पूर्ण उभं राहून कर. कॉनकॉर्डियावर त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालीच नव्हती, म्हणून 2015 पासून ती बंदर सोडायच्या आधी नाहीतर सोडल्या सोडल्या घ्यायचा नियम आहे. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब वाजला की जमायचं, एवढं पाठ असू दे, इतर कुठल्याही भोंग्याला पुरी खाली ठेवायची गरज नाही.

बोट लागण्याचं म्हणशील तर सकाळी उपाशी निघू नकोस आणि छोले-भटुरेही नकोत, दोन इडल्या बस. गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी तशीच बाहेर येते. आल्याचा तुकडा खिशात ठेव. मोबाइलकडे बघायचं नाही, लांब पाण्याच्या रेषेकडे बघायचं. माझा अनुभव असा की जो माणूस सगळा वेळ स्क्रीनमधून बघत शूटिंग करतो त्याला बोट सगळ्यात आधी लागते, तेव्हा दोन पिशव्या जास्तीच्या घे आणि सीट साडूंच्या शेजारची घेऊ नकोस.